वाहन नसलेलं हवामान

सर्व संबंधितांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की आटपाडी तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरचे दोन सदस्यांचे हवामान मंडळ, मंडळाचे अध्यक्ष कायमचे गैरहजर झाल्यामुळे, बंद पडण्याच्या बेतात आहे. यापुढे नवीन हवामाने स्वीकारली जाणार नाहीत. जुन्या हवामानांबद्दलच्या तक्रारी उरलेल्या सदस्येकडे शाळा सुटल्यावर ओट्यावर कराव्यात. एक प्रकरण मात्र निकालाविना पडून आहे. त्याला उरलेली सदस्या जबाबदार आहे आणि तिला त्याबद्दल बोलायचं आहे.

हसलात ना, आबा? तुमचं हसू आधी खांद्यात यायचं, मग मिशीत, आणि आवाज सगळ्यात शेवटी, एसटी चुकलेल्या पाहुण्यासारखा.

आधी एक राहिलेलं काम. तुम्ही गेलात त्या दुपारची हवा तुम्हाला सांगायची राहिली. ढग होते, पण काळे नव्हते. घोंगडं पहिल्यांदा धुतल्यावर पाणी जसं दिसतं तसे मळकट. वारं पश्चिमेचं. तुम्हाला घेऊन सगळे ओढ्याकडे निघाले तशी भुरभुर सुरू झाली, इतकी बारीक की माणसांच्या टोप्यांवर दिसायची पण अंगाला लागायची नाही. मी वस्तीच्या कडेला बायकांमध्ये उभी होते. सगळ्या रडत होत्या, मीही रडत होते, आणि डोक्यात मात्र एकच: आबा असते तर सात दिले असते. मी साडेसात म्हणाले असते. मग आपण अर्ध्या गुणावरून जेवणापर्यंत भांडलो असतो. ते भांडण तुम्ही सोबत घेऊन गेलात.

आता तुम्ही नाही म्हणून लोकांना हे सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार. तुम्ही फक्त ऐका. चुकलं तर मध्ये बोलायची सवय होतीच तुमची.

मी महाबळेश्वरच्या पलीकडच्या एका वाडीतली. आमच्याकडे पावसाळ्याआधी घराच्या भिंतींना बाहेरून गवताच्या ताट्या बांधतात, म्हणजे घरालाच रेनकोट घालतात. काडेपेटी तांदळाच्या डब्यात, मीठ चुलीशेजारी, आणि कपडे निखाऱ्यावर टोपली पालथी घालून वाळवायचे. जून ते सप्टेंबर सूर्य मी भूगोलाच्या पुस्तकातच पाहिलेला. अशी मुलगी डी.एड. करून, लग्न होऊन, ऐन जूनमध्ये तुमची सून म्हणून तुमच्या अंगणात उतरली. दुसऱ्या दिवशी साडी धुऊन दोरीवर टाकली आणि चहा पिऊन आले, तर साडी वाळलेली. मला वाटलं कुणी बदलली. खात्री करायला पुन्हा भिजवली, पुन्हा दोरीवर टाकली आणि समोर दगडावर बसून राहिले. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, नव्या सुनेच्या डोक्यात थोडा फरक दिसतोय अशी शंका बोलून दाखवली. ओट्यावरून तुम्ही म्हणालात की असू द्या, पोरीनं ऊन पहिल्यांदा बघितलंय.

ते वर्ष तुम्हालाही नवीन होतं. त्याच वर्षी तुम्ही मेंढरं विकली होती. चाळीस वर्षं तुम्ही कळपामागं चाललात. दिवाळी झाली, आपल्याकडचं गवत संपलं, की मेंढरं घेऊन पश्चिमेला, कृष्णाकाठच्या रानारानांतून घाटापर्यंत, आणि मृगाच्या तोंडावर माघारी. बाकीच्यांच्या बायका घोड्यावर बिऱ्हाड लादून बरोबर जायच्या. आत्या गेल्या नाहीत. आधी तुमची आई अंथरुणाला खिळलेली, मग मुलं लहान, मग ते चार एकर कोरडं रान. हे मला लग्न ठरतानाच कुणीतरी सांगितलं होतं. माहीत असणं आणि लक्षात येणं यांच्यामध्ये किती वर्षं जातात, ते पुढे येईलच.

तर तुम्ही बसून होतात. हातात काठी, आणि हाकायला काही नाही. मी आभाळाकडे बघून उसासे टाकत होते. श्रावण आला तरी पाऊस नाही, आणि मला पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या आवाजाची अशी काही आठवण यायला लागली की एक दिवस भाकऱ्या थापता थापता रडू आलं. तुम्ही पाणी प्यायला आत आला होतात. काय झालं म्हणून विचारलंत. मी खरं सांगितलं, कारण खोटं पटकन सुचलं नाही. तुम्ही तांब्या ठेवून बाहेर गेलात.

थोड्या वेळानं पत्र्यावर तडतड वाजलं. मी धावत बाहेर आले तर तुम्ही अंगणात, धोतर खोचून, बाजरीचं पायलीभराचं भांडं बगलेत धरून, मूठमूठ बाजरी पत्र्यावर फेकताय.

‘असा?’ तुम्ही विचारलंत.

‘याहून दाट,’ मी म्हणाले.

तुम्ही दोन्ही हातांनी फेकायला लागलात.

‘आता?’

‘आता बरोबर. पण हा सरळ पडतोय, आबा. आमचा तिरका असतो.’

मग तुम्ही घराच्या पश्चिमेला जाऊन तिथून तिरकी फेकलीत. आजूबाजूच्या साऱ्या कोंबड्या पत्र्यावर चढल्या. त्यांच्या पायांचा आवाज मिळाला आणि पाऊस अगदी माझ्या माहेरचा झाला. आत्या झाडणी घेऊन आल्या, पडलेली बाजरी गोळा करत राहिल्या, आणि आपल्या दोघांपैकी कुणाकडेच न बघता एवढंच म्हणाल्या की दोघंबी सारखीच.

मंडळाची स्थापना ती. त्या संध्याकाळी तुम्ही पहिलं हवामान काढलंत. तुझ्या माहेरचा निम्मा पाऊस इकडं, आमचं निम्मं ऊन तिकडं. आपण ते सरळ मनानं तपासायला बसलो आणि तासाभरात कळलं की तुमची बाजरी सडली, आमची स्ट्रॉबेरी जळली, महाबळेश्वरच्या हॉटेलांत कुणी फिरकेना आणि आटपाडीत सगळ्यांना सर्दी. दहापैकी दोन. ते दोनसुद्धा तुमच्या चांगल्या हेतूला.

मग नियम झाले. नियम मीच केले, शेवटी मी मास्तरीण. पहिला: खऱ्या जागेचं हवामान उचलायचं नाही, कॉपी चालणार नाही. दुसरा: प्रत्येक हवामानात एक तरी माणूस कुरकुरणारा दाखवायचा, कारण सगळ्यांना सोसेल अशी हवा म्हणजे थाप. तिसरा तुमचा. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं, कुणाला कोल्हा, कुणाला बेडूक, कुणाला मेंढा. तसं आपल्या हवामानालाही वाहन पाहिजेच. वाहनावाचून पाऊस येनार कशावर, असं तुमचं म्हणणं. आणि दोघांचं एकमत झाल्याशिवाय निकाल लागणार नाही.

चोवीस वर्षांत आपण किती हवामानं काढली ते मोजलेलं नाही, पण शाळेच्या तीन जाड वह्या भरल्या. तुम्ही जत्रेत पुढच्या वर्षाचं भाकीत सांगतात त्या भाकणुकीच्या सुरात डोळे मिटून सांगायचात, मी लिहून घ्यायची. एसटीच्या वेळापत्रकाचा पाऊस: ठरल्या वेळी येतो, थांब्यावर थांबतो, हॉर्न देतो. वाहन अर्थातच एसटी. मी म्हटलं, हात दाखवला तरी न थांबता निघून जाते ती एसटी, आणि तुम्ही म्हणालात की मग आपल्याकडं हाय त्येच की हे, कॉपी झाली. तुमचं तुम्हीच बाद केलंत. घोंगडी हवामान: हवाच घोंगड्यासारखी, थंडीत ऊब, उन्हात गारवा. तुम्ही स्वतःला नऊ देऊन बसलात. मी टोचतं म्हणून तीन कापले. दोन दिवस बोलला नाहीत माझ्याशी. घोंगड्याचा अपमान तुम्हाला सहन होत नसे.

आणि माझं धुकं. आपलं सगळ्यात जुनं भांडण. मला आटपाडीच्या एप्रिलमध्ये धुकं हवं होतं, सकाळी दहा ते दुपारी चार, सरकारी कचेरीसारखं. तुम्ही दर वर्षी ते नापास केलंत. धुक्यात मेंढरं मोजता येत नाहीत, हे तुमचं कारण. मग ती गोष्ट यायचीच: घाटात एकदा धुक्यात सापडलात, हात लावून लावून कळप मोजलात, तर एक जास्त भरलं. पुन्हा मोजलंत, पुन्हा एक जास्त. धुकं उठलं तेव्हा कळलं की ते एका हॉटेलवाल्याचं केसाळ कुत्रं होतं, आणि ते निमूटपणे तुमच्याबरोबर पुढच्या मुक्कामापर्यंत आलं. मी म्हणायची, आबा, आता मेंढरं नाहीत, मोजायचंय काय? तुम्ही म्हणायचात, सवय हाय. या एप्रिलमध्येही आपण त्यावर भांडलो. तुम्ही पाचपर्यंत आला होतात. अजून एक उन्हाळा मिळाला असता तर मी तुमच्याकडून सहा काढले असते, हे मी इथे लेखी नोंदवते.

तुमच्या मुलानं मोबाईल घेतला तेव्हा मंडळावर संकट आलं. त्यात आकडा यायचा, एक्केचाळीस, आणि खाली बारीक अक्षरांत: जाणवते चव्वेचाळीस. यांनी तुम्हाला मोठ्या कौतुकानं ते दाखवलं. तुम्ही ते बघून विचारलंत, ‘कुणाला जाणवतंय?’ यांनी पुन्हा आकड्यावर बोट ठेवलं. ‘मला तर कुणी इचारलं न्हाई,’ तुम्ही म्हणालात, आणि मोबाईल परत देऊन टाकलात. तेव्हापासून वर्गात हवामानाचा धडा शिकवताना मी मुलांना आधी बाहेर उभं करते आणि कुणाला काय जाणवतंय ते विचारते. तपासणीला आलेल्या साहेबांनी हे कुठल्या प्रशिक्षणात शिकलात म्हणून विचारलं. मी म्हटलं, ओट्यावर.

सांगलीच्या दवाखान्यातसुद्धा तुम्ही काम थांबवलं नाहीत. तिथली ती बंद खोली, वरून गार हवा सोडणारं यंत्र. नळ्या लावलेल्या असताना तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं आता काही शेवटचं सांगतायत. तुम्ही हळूच विचारलंत, ह्ये हवामान कुणी पास केलं गं? वाहन, फ्रीज. कुरकुरणारा, मी. दीड गुण. नर्सबाई पडद्याआडून हसल्या आणि यंत्र बंद करून खिडकी उघडली. बाहेरून उसाच्या मळीचा वास आला. तुम्ही लगेच पाच केलेत.

आता त्या शेवटच्या हवामानाकडे येते. टाळत होते, तुमच्या लक्षात आलंच असेल.

दवाखान्यातून घरी आणल्यावर तुमची बाज ओट्यावर टाकली होती. तिथून डाळिंबाची बाग दिसते आणि बागेचा बांध. मी शाळेतून आले, पर्स अडकवली, वही घेतली. आत्या आत, उंबऱ्याच्या पलीकडे, नेहमीसारख्या सूप घेऊन बसलेल्या. चोवीस वर्षांत त्या एकदाही मंडळात आल्या नाहीत. मी कितीदा बोलावलं, आत्या, तुम्ही गुण द्या, तिसरा माणूस असला की निकाल लवकर लागतो. त्यांचं उत्तर ठरलेलं: मला कामं हायती. आपण ढगांना वाहनं वाटायचो आणि आतून सुपाचा आवाज यायचा.

त्या दिवशी तुम्ही डोळे मिटले नाहीत, भाकणुकीचा सूरही लावला नाहीत. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत सांगितलंत.

‘आटपाडी तालुका. बारा महिनं. पाऊस थोडा थोडा, कवाबी. गवत घोट्यापातूर.’

मी पेन धरून थांबले.

‘आणि?’

‘आन् काय? एवढंच.’

‘वाहन?’

‘वाहन न्हाई.’

‘नियम तुमचा आहे, आबा.’

‘कशाला वाहन? कुटं जायाचंच न्हाई.’

मी नियमाप्रमाणे कुरकुरणारा माणूस विचारला. तुम्ही जराही न थांबता म्हणालात की कृष्णाकाठचे शेतकरी. त्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला कोण जाणार? म्हणजे तुम्ही सगळा विचार करून ठेवला होता. ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण मी बांधाकडे बघितलं, आणि माझ्यातली मास्तरीण खूश झाली. चोरी पकडली की होते तशी. कालव्याचं पाणी आल्यापासून आपल्या बांधावर बारा महिने गवत असतं, हिरवं, घोट्याएवढं.

मी म्हटलं, ही कॉपी आहे. समोर बघून लिहिलंय.

‘व्हय,’ तुम्ही म्हणालात. ‘पर माझं चाळीस वरसं आधीचं हाय.’

मी हसले. आबा, मी हसले आणि चार दिले. वाहन नाही म्हणून दोन गेले, कॉपीचे दोन, आणि चव नाही म्हणून दोन. मी म्हटलं, इतकी वर्षं एवढी रंगीत हवामानं काढलीत, आणि आता हे काय, तहसीलदाराला केलेल्या अर्जासारखं? तुम्ही म्हणालात, दोन वाढीव दे की गं. मी बोट नाचवून सांगितलं, ऑक्टोबरात फेरपरीक्षा. तुमचे खांदे हलले, मिशी हलली. आवाज आला नाही. आतून सुपाचाही आवाज येत नव्हता, हे मला आज आठवतंय, तेव्हा ऐकू आलं नव्हतं.

तुम्ही मोठ्यानं का बोलत होतात, असं मी रात्री यांना विचारलं होतं. आम्ही ठरवलं की तुम्हाला कमी ऐकू यायला लागलंय.

आठ दिवसांनी तुम्ही गेलात.

चोवीस वर्षं मी तुमची परीक्षक होते आणि साधी गोष्ट मला कळली नाही, की तो पेपर माझ्याकडे आलेलाच नव्हता. गवत घोट्याएवढं असतं तर कळप हलवावा लागला नसता. कळप हलला नसता तर दिवाळीनंतर तुम्ही निघाला नसता, आणि मृगापर्यंत कुणाला वाट बघावी लागली नसती. चाळीस वर्षं. बाकीची सगळी हवामानं तुम्ही माझ्याशी खेळायला काढलीत. हे एक तुम्ही उंबऱ्यापलीकडे ऐकू जावं म्हणून काढलंत, आणि मी मध्ये बसून त्याचे गुण कापले.

तुमच्यावर राग आहे थोडा. सरळ आत जाऊन सांगता आलं असतं. पण मग मला ती दोन हातांनी फेकलेली बाजरी आठवते. तुमच्या घराण्यात कुणी कुणाला सरळ काही सांगत नाही. त्याऐवजी तुम्ही पत्र्यावर पाऊस पाडता. तो पाऊस माझ्या वाट्याला आला, परक्या घरातून आलेल्या मुलीच्या. त्याची परतफेड म्हणून चाराचे दहा करावेत, तर नियम आडवा येतो. एकटीला निकाल लावता येत नाही.

तेरावं झालं, पाहुणे गेले. हे बागेत पाणी धरायला गेले. मी वही घेऊन ओट्यावर बसले, तुमची बाज काढून ठेवली आहे तिथेच. आत्या उंबऱ्याच्या पलीकडे सुपात बाजरी घेऊन. तुम्ही गेल्यापासून त्या धड बोललेल्या नाहीत, आबा. चहा घ्या म्हटलं की घेतात, झोपा म्हटलं की झोपतात. डोळ्यांतून पाणीही नाही. बायका मला म्हणत होत्या, त्यांना रडवा, बोलतं करा, नाहीतर आतच राहील. मला दुसरं काही येत नाही. मला वही वाचता येते.

मी मोठ्यानं वाचलं, तुम्ही सांगितलं होतं तितक्याच मोठ्यानं. आटपाडी तालुका. बारा महिने. पाऊस थोडा थोडा, कधीही. गवत घोट्यापर्यंत. वाहन नाही, कारण कुठं जायचंच नाही. तिथे न थांबता मी पुढचंही वाचलं: परीक्षकांनी दिलेले गुण, चार. मग म्हटलं, आत्या, परीक्षक चुकली. निकालाला दोघं लागतात आणि एकच उरलीय. तुम्ही सांगा, किती द्यायचे.

सुपाचा आवाज थांबला. आत्यांनी बांधाकडे बघितलं. इतका वेळ बघितलं की मला वाटलं, झालं, आता उठून आत जातील, कामं हायती म्हणून. त्यांनी पदर तोंडाशी नेला, पुन्हा खाली केला, आणि माझ्याकडे न बघता, तुमची बाज असायची तिकडे बघत, चोवीस वर्षं राखून ठेवलेल्या रागानं बोलल्या:

‘घोट्यापातूर कशाला? बोटभर आलं असतं तरी भागलं असतं की.’